बादलीमागं अर्धं युनिट

कोल्हापुरात घर तापवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा चौदा-पंधरा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो, पण शाल-स्वेटरवर भागतं. आमच्याकडं ऊब लागते ती न्हाणीत. म्हणून घरात इंधनाच्या खर्चावरून वाद पेटला की तो पंख्या-दिव्यांचा नसतो, आंघोळीच्या पाण्याचा असतो.

माझा हा वाद माझ्या चुलत्यांशी, तात्यांशी आहे. तात्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. मंगळवार पेठेतलं त्यांचं घर पुढं कौलारू, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि परसात तांब्याचा बंब. मी राजारामपुरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्या बाथरूममध्ये पंधरा लिटरचा गिझर आहे. तात्यांचं म्हणणं, घरात चार तऱ्हेचं जळण असावं, एका तारेवर किंवा एका टाकीवर माणसानं विसंबू नये. माझं म्हणणं, धूर घरातून कायमचा जावा आणि पाणी विजेवर तापावं, जमेल तिथं उन्हावर. परवा संक्रांतीला त्यांच्याकडं गेले तेव्हा बिलच हातात होतं, त्यामुळं सुरुवात तिथूनच झाली.

तात्या : एकशे पंच्याऐंशी युनिटं? एवढी कशाला जाळायलीस?

मी : पाण्याला. हिशेब मांडलाय मी. वीस लिटरची बादली. नळाचं पाणी या दिवसांत वीस अंशांच्या आसपास, आंघोळीला बेचाळीस तरी लागतं. बावीस अंश चढवायला जवळजवळ अर्धं युनिट जातं. आम्ही पाच माणसं, म्हणजे दिवसाला अडीच युनिटं. महिन्याला पंच्याहत्तर. गिझरच्या टाकीतून बसल्या जागी उष्णता जाते ती आणखी वेगळी.

तात्या : पंच्याहत्तर युनिटं म्हंजे पाचशे रुपये. कुठं जड हाय?

मी : पाचशे नव्हे, हजार. दर टप्प्यानं चढतो ना. महावितरणचं २०२४-२५ चं दरपत्रक बघा. पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे. १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे. त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातलं युनिट पावणेसातला पडायचं आणि दुसऱ्या टप्प्यातलं सव्वातेराला. पुढं आकडे हलले, पण शंभराव्या युनिटानंतरची ती दुपटीची पायरी गेलेली नाही. आता फ्रिज, पंखे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन यातच माझी शंभर-एकशेदहा युनिटं संपतात. ती काही सोडता येत नाहीत. गिझरची पंच्याहत्तर त्याच्या वर चढतात. सव्वातेरानं पंच्याहत्तर, करा हिशेब.

तात्या : म्हंजे गिझर सगळाच्या सगळा महागाच्या खणात.

मी : सगळाच्या सगळा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वीजबिलाची एकूण रक्कम भागिले युनिटं असा भागाकार करून लोक सरासरी दर काढतात आणि त्या दरानं गिझर स्वस्त की गॅस स्वस्त हे ठरवतात. पाणी तापवायची वीज सरासरी दरानं पडत नाही. ती शेवटून मोजावी लागते. दोघांच्या घरात, जिथं गिझर धरूनही बिल शंभर युनिटांच्या आत राहतं, तिथं विजेसारखं सोयीचं काही नाही. पाच-सहा माणसांच्या घरात तोच गिझर दुप्पट महाग होतो.

तात्या : मग गॅसवर तापव की. आमच्या शेजाऱ्यानं गॅसचा गिझर बसवलाय.

मी : पैशाच्या हिशेबात तुमचा शेजारी बरोबर आहे. तेवढंच पाणी गॅस गिझरवर तापवायला महिन्याला सात-साडेसात किलो गॅस लागेल, अर्ध्या सिलिंडरपेक्षा थोडा जास्त. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी वाढून सिलिंडर साडेआठशेच्या वर गेला, त्या भावानं साडेचारशेच्या आत. विजेच्या निम्म्याहून कमी. शेगडीवर पातेलं ठेवून तापवलं तर आच बाजूनं वाया जाते, तरी सहाशेच्या घरात.

तात्या : मग अडलंय कुठं?

मी : बाथरूमला खिडकी नाही. एक उंचावरचा झरोका, तोही शाफ्टमध्ये उघडणारा. गॅस गिझर बंद जागेत जळला की हवेतला प्राणवायू संपत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत आंघोळ करणारा माणूस चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्याला वाटतं, अजून आंघोळ चाललीय. महाराष्ट्रात अशी माणसं गेली आहेत. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवता येत असेल तरच तो बसवावा. आमच्या फ्लॅटला ती सोय नाही, आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही.

तात्या यावर काही बोलले नाहीत. बंबाच्या विस्तवालाही हाच नियम लागू आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांनी बंब न्हाणीतून उचलून परसात आणला तो याच कारणानं.

त्या बंबाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता पुष्कळ घरांत तो नुसता शोभेला उरला आहे. बाहेरून गोल तांब्याची टाकी, तिच्या पोटातून उभी गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेला जागा. जळण वरून नळीत टाकायचं. विस्तव मध्ये आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी, त्यामुळं चुलीसारखी आच इकडंतिकडं सांडत नाही. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम बाहेर येतं. वखारीत यासाठी खास बारीक फोडलेलं लाकूड मिळायचं, त्याला बंबफोड म्हणत. तात्यांच्या बंबाला नोकरीच्या काळात पॅटर्नशॉपमधल्या ढलप्या आणि तासलेला भुसा पुरायचा. आता करवंट्या, शेंगांची टरफलं, वाळलेल्या फांद्या आणि सुताराकडचे तुकडे.

तात्या : माझं जळण फुकट हाय. तुझ्या त्या दराच्या पायऱ्या न्हाईत की दर ठरवणारा वीज आयोग न्हाई.

मी : पाच माणसांच्या पाण्याला रोज दोनेक किलो लाकूड जात असेल. महिन्याला साठ किलो. एका घराला करवंट्या पुरतील, अख्ख्या पेठेला कुठून पुरणार? आणि कोल्हापूर जिल्ह्यात फुकट जळण राहिलंय कुठं? उसाचं चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणात जातं. कारखान्यातलं चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्यावर कारखाने वीज करून विकतात. शेणी म्हणाल तर त्या होळीला पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान द्यायच्या.

तात्या : पाचट? शिवारात पेटवून देतात की न्हाई? डोळ्यांदेखत जळायलंय ते.

मी : त्याचा कोळसा करता येतो. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली, २००२ साली तिला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशाला धूर जवळजवळ नाही. पण आता कृषी खातं सांगतं, पाचट जाळू नका, सरीत कुजवा, जमिनीला कर्ब मिळतो. मलाही तेच पटतं. आपल्या आंघोळीसाठी रानाचं खत कशाला काढायचं?

तात्या : आत्तीकडं गोबरगॅस हाय. गोठ्यात चार जनावरं. तिला ना तुझी वीज लागत ना माझी ढलपी.

मी : गोबरगॅसला मी एका शब्दानंही नावं ठेवणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांनी तो मनापासून घेतला, गोकुळ दूध संघानंही दूध घालणाऱ्या बायांना त्यासाठी हात दिला. पण त्याला रोज पन्नास किलो शेण लागतं. राजारामपुरीत म्हैस कुठं बांधू?

इथं मी त्यांना बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारला.

मी : तात्या, तुमचा बंब पेटवतं कोण?

तात्या : ...तुझी काकू.

मी : किती वाजता?

तात्या : पाचला उठती. सवयच हाय तिला.

मी : मग जळण फुकट कसं? लाकडाच्या धुरात जे बारीक कण असतात ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. घरातल्या इंधनाच्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायका आणि लहान पोरं पुढं असतात, कारण चुलीपुढं तीच असतात.

तात्या : ते आकडे चुलीचे. कोंदट खोलीत तीन-तीन तास स्वयंपाक करणाऱ्या बाईचे. आमचा बंब उघड्या परसात, वीस मिनिटं धूर, मग निखारा. दोन्ही एका पारड्यात घालू नगंस.

हे त्यांचं बरोबर होतं आणि मी ते तिथंच मान्य केलं. पण पाचला उठणं उरलंच.

मी : फौंड्रीचंच घ्या की. तुमच्या उमेदीत उद्यमनगरात कुपोला होते ना? कोक जळायचा, धुरांडी ओकायची. आता पुष्कळ ठिकाणी इंडक्शन भट्ट्या आल्या. लोखंड विजेवर वितळतं आणि पाणी मात्र ढलप्यांवर?

तात्या : इंडक्शन आली, कास्टिंग सुधारलं, पोरांच्या छातीतला खोकला गेला. खरं हाय. पण त्यानंतर काय झालं ते पण सांग. सगळा कारखाना एका मीटरवर टांगला. महावितरणचा दर चढला की मालकांचं तोंड पडायचं. कर्नाटकात वीज स्वस्त म्हणून सगळी इंडस्ट्री तिकडं हलवतो अशी भाषा इथल्याच उद्योजकांनी केली. आमची भट्टी रात्रपाळीत चालायची, कारण रात्री वीज स्वस्त. सगळ्या कामगारांची झोप दरपत्रकानं ठरवली. एकाच इंधनावर गेलं की असं होतं. भाव करायला दुसरं दुकानच न्हाई.

मी : आता तर ती घडीही उलटलीय. सूर्याची वीज दुपारी भरपूर येते म्हणून सवलतही दिवसाकडं सरकली. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर थोडी सूट मिळते.

तात्या : आणि आंघोळ सकाळी सहाला.

मी : तेच दुखणं आहे. दुपारी तापवलेलं पाणी गिझरच्या टाकीत सकाळपर्यंत ठेवलं तर सवलतीचे पैसे रात्रीतून निवून जातात.

स्मार्ट मीटरला कोल्हापुरात विरोध झाला, मोर्चे निघाले, त्यात तात्याही असते तर मला नवल वाटलं नसतं. ते म्हणाले, मीटर हुशार असून काय उपयोग, आंघोळीची वेळ शाळेच्या घंटेनं ठरते.

मग त्यांनी पुराचा विषय काढला. कोल्हापुरात इंधनावरचा कुठलाही वाद २०१९ च्या ऑगस्टपाशी येतोच.

तात्या : महापुरात काय झालं? पुणे-बेंगळूर महामार्ग शिरोलीला पाण्याखाली. आठवडाभर ट्रक जागचा हलला न्हाई. पेट्रोल न्हाई, सिलिंडरची गाडी न्हाई, कितीतरी भागांत लाईट न्हाई. २०२१ ला परत तेच. आमच्या घरात बंबावर पाणी तापलं, त्याच्याच निखाऱ्यावर भात शिजला. पेठेतली चार घरं आमच्याकडं आली.

मी : त्या आठवड्यात नळाला पाणी होतं का?

तात्या : न्हवतं. उपसा केंद्रंच पाण्यात गेली हुती. टँकर यायचा.

मी : म्हणजे आंघोळ कुणी केली?

तात्या : आंघोळीचं सोड. पोरांना ताप हुता, पाणी उकळून प्यायला लागत हुतं. तुझा गिझर उकळून देतो व्हय?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि नाही. पूरग्रस्त शहरात घरात विजेशिवाय चालणारी एक शेगडी असलीच पाहिजे, हे मी त्या दिवसापासून माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगते. फक्त रोजची आंघोळ आणि महापूर या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसरीसाठी ठेवलेली वस्तू पहिलीला रोज वापरावी असं काही नाही.

मी : सीमेपलीकडचंही सांगते. निपाणीची मावशी आठवते ना? कर्नाटकात २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती आली. आधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून, २०० युनिटांपर्यंत बिल शून्य. तिनं बंब मोडीत घातला आणि बादलीत कॉइल सोडते. इथून तासाभराच्या वाटेवर तीच मराठी माणसं, तशीच थंडी, आणि त्या मर्यादेत बिल नाही.

तात्या : फुकट कधीच नसतं. कुणीतरी भरायलंय. तिकडचं सरकार भरतं म्हंजे तिकडचीच माणसं भरतात. आणि कॉइल लई वाईट. लोखंडी बादलीत सोडली, हात घातला, की खेळ खलास.

मी : कॉइल स्वस्त आणि कामाला चोख आहे, तिच्यात वीज वाया जात नाही. पण बादली प्लॅस्टिकची हवी, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, आणि घरात विजेची गळती झाली की लाईन तोडणारा ब्रेकर हवाच. मावशीला तो मीच बसवून घ्यायला लावला.

एव्हाना काकू तिळगूळ आणि चहा घेऊन आल्या. त्यांनी आमचं बरंचसं ऐकलं असावं.

काकू : तुम्हा दोघांचं किती वेळ चालणार ते चालू द्या. मला सांधे धरतात. मला धूर नको आणि तिच्या बिलाची भीती पण नको. नळ फिरवला की गरम पाणी यावं. गच्ची आपली हाय, ऊन फुकट हाय. एवढी अक्कल घरात कुणाला सुचली न्हाई.

तात्या : पावसाळ्यात काय करशील? जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दिसतं व्हय कोल्हापुरात?

काकू : तेवढे चार महिने बंब तुम्ही पेटवा.

यानंतरचं बोलणं फार सरळ झालं. शंभर लिटरचा सोलर वॉटर हीटर चार-पाच माणसांना पुरतो. दिवसभर तापलेलं पाणी जाड आवरणाच्या टाकीत सकाळपर्यंत गरम राहतं, म्हणजे दुपारचं ऊन आणि सहाची आंघोळ यांचा मेळ तो कुठल्याही मीटरशिवाय घालतो. उन्हापासून थेट पाणी तापवणं हे उन्हापासून वीज करून त्या विजेनं पाणी तापवण्यापेक्षा कमी जागेत होतं, दोन चौरस मीटरच्या आसपास. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळ्यांत थर बसतो, ते वर्षाकाठी साफ करावं लागतं. तात्यांनी विचारलं, मग ती पंतप्रधान सूर्यघरची पॅनलं का नकोत? त्याचाही हिशेब केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या त्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३० हजार आणि तीन किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमधून महिन्याला एकशेवीसच्या आसपास युनिटं निघतात. पण तात्यांचं बिल सत्तर-ऐंशी युनिटांचं, सगळं पहिल्या टप्प्यात. त्यांची वाचणारी वीज स्वस्तातली आहे. त्यांनी हीटरच बसवावा, असं मी सांगितलं. पॅनलचा खरा फायदा माझ्यासारखीला, जिची युनिटं वरच्या टप्प्यातली आहेत.

तात्या : मग तू बसव की.

मी : कुठं? भाडेकरूला गच्ची नसते. अनुदानाला स्वतःचं घर आणि पॅनल बसवण्याजोगं छत लागतं. सोसायटीला किलोवॅटमागं १८ हजार मिळतात, पण ते सामायिक विजेला. त्यावर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालेल, माझा गिझर नाही.

तात्या बराच वेळ बिल उलटसुलट करून बघत होते.

तात्या : म्हंजे छप्पर ज्याचं, त्याला ऊन. ज्याला छप्पर न्हाई त्यानं दुप्पट भाव द्यायचा, आणि खिडकी न्हाई म्हणून गॅस पण न्हाई. हे कुठल्या हिशेबात बसतं?

मी : बसत नाही. शंभर युनिटांची पायरी दोन माणसांच्या घराला आणि सहा माणसांच्या घराला एकच. हिवाळ्याचे तीन महिने ती दीडशेवर न्यावी एवढं जरी झालं तरी माझं बिल तीनशे रुपयांनी उतरेल, आणि माझ्यापेक्षा कमी कमावणाऱ्या, चाळीत एका मीटरवर सात-आठ माणसं राहणाऱ्या घराला त्याहून जास्त गरज आहे.

तात्या : मग पैसे कुठनं येणार? कुणाचा तरी दर वाढवायला लागंल. फौंड्रीचा वाढवशील, तर ते परत कर्नाटकाकडं बघतील.

मी : तीनशे, पाचशे युनिटांच्या वरच्या घरांना थोडं जास्त पडू दे. खोलीखोलीत एसी आहेत तिथं.

तात्या : ते आधीच मोजायलेत. पाचशेच्या वरचा दर वाच.

वाचला. २०२४-२५ च्या त्याच दरपत्रकात १६ रुपये ६४ पैसे, वर वहन आणि शुल्क. त्या घरांनी छतावर पॅनल बसवून ग्रीडमधून बाहेरची वाट धरली की त्यांचा भारही उरलेल्यांवर येणार, हे तात्यांनी मला समजावून सांगितलं. फौंड्रीत मोठी गिऱ्हाइकं गेली की लहानांचा भाव कसा चढतो हे त्यांनी पाहिलं आहे. यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणते, भाडेकरूच्या गरम पाण्याचा बोजा सरकारनं उचलावा. ते म्हणतात, सरकारनं भाड्यानं द्यायच्या प्रत्येक इमारतीला परवानगी देतानाच गच्चीवर सामायिक हीटर आणि प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ सक्तीचा करावा, म्हणजे दराला हात लावावा लागणार नाही. नव्या इमारतींपुरतं मला ते पटतं. माझी इमारत तीस वर्षांची आहे.

तात्या : वीज आयोग दर ठरवायच्या आधी हरकती मागवतो, जाहिरात येते पेपरात. फौंड्रीवाले दरवेळी वकील घेऊन जातात. भाडेकरूंचं कोण जातं?

मी : कुणी जाताना मी पाहिलं नाही.

तात्या : मग लिही की अर्ज. तुझा तो बादलीचा हिशेब घाल त्यात, अर्ध्या युनिटाचा. आणि माझी जुनी बिलं घेऊन जा. दोन घरांची शेजारी शेजारी ठेवलीस म्हंजे त्यांना दाखवायला बरं पडंल.

काकूंनी तोवर हीटरवाल्याला फोन लावला होता. तो विचारत होता, टाकी गच्चीच्या कोणत्या बाजूला ठेवायची आणि न्हाणीपर्यंत पाइप किती फूट लागेल.